चिंचेने घासलेली विंचेस्टर

सांगली
१० ऑक्टोबर २०२५

हर्षवर्धनराव,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. आम्ही दोघं सुखरूप पोचलो. विमानात हिच्या पायांना सूज आली होती, ती उतरली. तुम्ही दिलेल्या टॅबवर हे पहिलंच पत्र टाइप करतो आहे. फोन केला की माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मग मी नुसता "हो, हो" करत राहतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा यापुढे आपला व्यवहार लेखी.

आता मुद्द्याचं. यूजीनरावांची ती विंचेस्टर तुम्ही अजून कपाटातून काढलेली दिसत नाही. काढली असती तर गप्प बसला नसता. माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून सांगून टाकतो.

खंडेनवमीला तुमच्या प्लँटमध्ये ऑडिट होतं. मी सकाळपासून अस्वस्थ. आमच्या टूलरूममध्ये खंडेनवमीला मशीन धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून, नारळ फोडल्याशिवाय कुणी घरी जात नसे. आणि इथे जावयाच्या घरात साक्षात शस्त्र, तेही कुलपात, बिनपूजेचं? मनाला पटेना. संध्याकडे किल्ली मागितली, तिनं दिली. कापड सोडलं तर काय, सगळं पितळी अंग काळवंडलेलं! दीडशे वर्षांची घरंदाज वस्तू आणि तिच्यावरून कुणी फडकं फिरवलेलं नाही. तुमचा दोष नाही, तुम्ही कामाच्या रगाड्यात. यूजीनराव एकटे आणि थकलेले. म्हटलं, आपण रिकामेच आहोत. स्वोर्ड्सच्या दुकानातून आणलेली चिंच होती, मीठ होतं, शेवटून पितांबरी. सोन्यासारखी झाली हो! झेंडू तुमच्याकडे मिळाला नाही, शेवंती वाहिली. संध्यानं फोटो काढला आहे.

बेत असा होता की यूजीनराव ती तुमच्या स्वाधीन करतील त्या दिवशीच कापड सोडायचं आणि दोघांचे डोळे दिपवायचे. पण मला धीर धरवला नाही. आता उघडा आणि बघा.

अक्षयाला पापा.

आपला,
शशिकांत


ड्रोहेडा
१३ ऑक्टोबर

ती. बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून लगेच कपाट उघडलं. खरंच खूप चमकते आहे. सुट्टीवर आला असताना एवढे कष्ट घेतलेत, आभारी आहे.

यूजीननं रायफल माझ्याकडे का दिली होती हे मी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं. तिची खालची कडी, जिला लिव्हर म्हणतात, पुढे ढकलून मागे ओढली की पुढची गोळी चढते. त्या कडीची छोटी चपटी स्प्रिंग तुटली होती, म्हणून कडी लुळी पडली होती. असा भाग बाजारात मिळत नाही. स्प्रिंग स्टीलची पट्टी घेऊन कानशीनं हळूहळू घासून बनवावा लागतो. तो आता बसला आहे. यूजीनच्या आजोबांचा भाऊ मॅटी, त्यानं ही रायफल मोंटानाच्या खाणीत काम करताना जुनीच विकत घेतली आणि येताना बरोबर आणली. तिच्या जातीच्या गोळ्या आता कुणी बनवत नाही, त्यामुळे ती शोभेची वस्तू म्हणून ठेवता येते. तरी मी गार्डा स्टेशनात जाऊन तसं लेखी घेतलं आहे.

पंधरा नोव्हेंबरला यूजीनचा वाढदिवस. त्या दिवशी मी ती दुरुस्त करून न्यायची आणि त्यानं ती मला द्यायची, असं ठरलं आहे. जानेवारीत तो नर्सिंग होममध्ये जाणार. लायसन्सच्या बाकीच्या रायफली डीलरकडे जातील. बॉस्टनच्या पुतण्याला यातलं काहीच नको आहे.

एक सहज विचारायचं होतं. चिंच किती वेळ लावून ठेवली होती? नंतर तेल लावलं होतं का? आणि खालच्या बाजूला, कडीच्या थोडं पुढे, एक मोठा काळा डाग होता. तो आपोआप निघाला की घासावा लागला? उत्तराची घाई नाही.

आईंना नमस्कार.

हर्षवर्धन


सांगली
१८ ऑक्टोबर

हर्षवर्धनराव,

तुमचे प्रश्न वाचून बरं वाटलं. संध्याच्या भावाला सांगितलं असतं तर "मस्त हं बाबा" म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही इंजिनिअर, तुम्हाला पद्धत हवी. घ्या.

चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढला, मीठ घातलं, जाडसर लेप दिला. चहा करून, पिऊन, तुमचा तो आयरिश पेपर चाळून होईपर्यंत ठेवला. मग माझ्या जुन्या बनियनची चिंधी. कोपऱ्यांना टूथब्रश (माझाच, काळजी नको). तेल लावलं, खोबरेल.

आता त्या डागाचं. तो महाखट निघाला! बाकीचं अंग ऐकत होतं, हा ऐकेना. चांगला पंजाएवढा. कुणीतरी घामट हातानं धरून धरून ती जागा काळी केली असणार. चिंच झाली, पितांबरी झाली, शेवटी तुमच्या शेकोटीतली राख आणि लिंबू घेतलं. सगळी दुपार गेली. ही जेवायला हाका मारते आहे आणि मी म्हणतोय, थांब, जरासा राहिलाय. पण काढलाच. आता बोट फिरवून बघा, तिथे काही होतं असं कुणी म्हणणार नाही.

वाढदिवसाला यूजीनरावांचा चेहरा कसा होतो त्याचा फोटो नक्की पाठवा. एकदाच चहाला गेलो त्यांच्याकडे. त्यांचं इंग्रजी मला कळलं नाही आणि माझं त्यांना. पण शेडमधला तो लेथ पाहून मन भरलं. आवडलं आपल्याला माणूस.

दिवाळीचा फराळ पाठवला आहे. चकल्या तेवढ्या मोडतील, चालवून घ्या.

शशिकांत


ड्रोहेडा
२४ ऑक्टोबर

बाबा,

हर्षनं मला बजावून ठेवलंय की तुम्हाला काही सांगायचं नाही. मला हे सहन होत नाही, म्हणून सांगते. चिडू नका आणि आईला लगेच वाचून दाखवू नका.

जुन्या बंदुका जमवणाऱ्यांमध्ये पहिला नियम असा, की जे तुटलंय ते दुरुस्त करा आणि बाकी अंगाला हात लावू नका. तो काळसरपणा घाण नसतो. ते तिचं वय असतं. चकचकीत केली की अशा वस्तूचं सगळं गेलं असं ही माणसं मानतात. यूजीननं रायफल देताना हर्षकडून एकच कबूल करून घेतलं होतं: "आहे तशी राहू दे."

आणि बाबा, तो डाग मॅटीचा हात होता. मॅटी म्हातारपणी रोज शेताच्या कडेनं फेरी मारायचा तेव्हा ती हातात घेऊन जायचा. गोळ्या नाहीत, काही नाही, काठीसारखी नुसती हातात. घामानं ती जागा काळी पडली होती. यूजीन लहानपणी त्याच्या मागे मागे जायचा आणि घरी आल्यावर त्या डागावर आपला पंजा ठेवून बघायचा, केवढा झालाय. मॅटीचा एक फोटोसुद्धा नाही त्याच्याकडे. हर्षला पहिल्या दिवशी त्यानं रायफल दाखवली ती डागापासूनच.

मला यातलं काही माहीत नव्हतं. किल्ली मी दिली, फोटोही हौसेनं मी काढला. त्यामुळे तुमच्या एकट्यावर ढकलत नाहीये.

मी हर्षला म्हटलं, बाबांना स्पष्ट सांग आणि यूजीनला पण सांग. तर म्हणतो, "बाबांना कसं बोलू? वडिलांच्या जागी आहेत, त्यांना वाईट वाटेल." आणि यूजीनला सांगायचं तर म्हणतो, तो देणारच नाही मग. गेले आठ-दहा दिवस ऑफिसमधून आला की गॅरेजमध्ये. प्लॅस्टिकचा मोठा डबा आणलाय, त्यात अमोनियाची वाफ सोडून रायफलचं पितळ पुन्हा काळं करतोय. अक्षया शाळेत सांगून आली, "माय डॅड इज कुकिंग अ गन, सो ही इज." मला टीचरचा फोन आला. काय सांगू मी त्यांना?

तुम्ही काय ते ठरवा. पण मला वाटतं तुम्ही त्याच्याशी बोलावं.

संध्या


सांगली
२८ ऑक्टोबर

हर्षवर्धनराव,

संध्यानं मला सगळं लिहिलं. तिला रागावू नका.

दोन दिवस मला काही सुचलं नाही. माझे हे दोन हात, यांनी आयुष्यभर मापात काम केलं, आणि ज्या जागी एक मूल आपला पंजा ठेवून बघत होतं तीच जागा मी राखेनं घासली. फार वाईट वाटतंय. पूजा केली त्याचा मला पश्चात्ताप नाही. न विचारता केली त्याचा आहे.

पण तुमच्यावरही माझा राग आहे. तुम्ही मला बोलला नाहीत. चिंच किती वेळ ठेवली विचारलंत, आणि मी मूर्खासारखी कृती लिहून पाठवली! टूलरूममध्ये एखाद्या पोरानं जॉब खराब केला की मी त्याला सगळ्यांदेखत झाडायचो आणि मग त्याच्याबरोबर चहा प्यायचो. ज्याला झाडत नसे तो पोरगा माझा नव्हे, असं मी मनात धरलेलं असायचं. तुम्ही मला "आभारी आहे" लिहिलंत. ते वाचताना गोड वाटलं होतं, आता काट्यासारखं टोचतंय.

ते वाफेचं थांबवा. यूजीनरावांकडे उद्याच्या उद्या जा, माझं नाव घ्या, म्हणावं सासऱ्यानं केलं, अडाणीपणानं केलं, माफी मागतो. चार शिव्या देतील. मला इथून ऐकू यायच्या नाहीत, तेवढा फायदा बहिरेपणाचा.

शशिकांत


ड्रोहेडा
३ नोव्हेंबर

ती. बाबांना नमस्कार.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. यात तुमची काही चूक नाही. तुम्ही श्रद्धेनं केलंत.

काम झालेलं आहे आणि अपेक्षेपेक्षा चांगलं झालं आहे. मी आधी जुन्या नळाच्या तुकड्यांवर प्रयोग केले आणि मग रायफलला हात लावला. रंग हुबेहूब आला आहे. डागाच्या जागी दोनदा जास्त वाफ दिली, तिथे गडद झाला आहे. यूजीनला मोतीबिंदू आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण तरी त्याला कळणार नाही. म्हाताऱ्या माणसाला उगाच दुःख कशाला द्यायचं? तो सुखानं नर्सिंग होममध्ये जाऊ दे.

खरं सांगायचं तर मला ती रायफल हवी आहे, बाबा. मी तिच्याइतकी दुसरी कुठलीही वस्तू मागितलेली नाही. अकरा वर्षं झाली मला इथे येऊन. पासपोर्टही इथला झाला. माणसं चांगली आहेत, भेटली की "हाऊ आर यू" म्हणतात, आपण "ग्रँड" म्हणतो, ती पुढे जातात. पण आपल्या घरातली वस्तू काढून "आता ही तू सांभाळ" असं मला इथे कुणी म्हटलं नव्हतं. यूजीननं म्हटलं. मला ते गमवायचं नाही.

तेव्हा कृपा करून हे माझ्यावर सोडा.

हर्षवर्धन


सांगली
६ नोव्हेंबर

हर्षवर्धनराव,

सोडलं.

तुम्हाला का हवी आहे ते कळलं. पण असं करून ती मिळाली, तर रोज बघताना तुम्हाला काय वाटेल, तेवढा विचार करा.

शशिकांत


ड्रोहेडा
१७ नोव्हेंबर

बाबा,

परवा शनिवारी यूजीनचा वाढदिवस झाला. तुम्ही फोटो मागितला होता. फोटो काढण्यासारखा प्रसंग नव्हता.

आम्ही तिघं केक घेऊन गेलो. अक्षया बाहेर कोंबड्यांत रमली. यूजीन स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसला होता, कोट-टाय घालून, आमच्यासाठी. हर्षनं कापड सोडलं आणि रायफल त्याच्या हातात दिली. त्यानं कडी पुढे ढकलली, मागे ओढली. खट्! ताठ बसली. चेहरा असा खुलला म्हणून सांगू! "ग्रँड जॉब," म्हणाला, "मी पोरगा होतो तेव्हापासून ती अशी वाजली नव्हती." हर्षच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यानं ती उलटी केली आणि अंगठा खालून फिरवला. पुन्हा फिरवला. उठून खिडकीशी गेला, चष्मा काढला, नाक जवळ नेलं. त्याचं बोलणं मी मराठीत लिहिते, नाहीतर तुम्ही डिक्शनरी घेऊन बसाल.

"हिला काय झालं?" त्यानं विचारलं.

हर्ष म्हणाला, "स्प्रिंग बदलली."

"मी स्प्रिंगचं विचारत नाहीये."

"थोडी साफसफाई केली."

"हर्ष, मी हिला शाळेत जायच्या आधीपासून ओळखतो."

हर्ष खाली बघत बसला. मला राहवलं नाही, बाबा. मी सगळं सांगितलं. खंडेनवमी काय असते, त्या दिवशी हत्यारं का पुसतात, किल्ली मी दिली, तुम्ही चिंच लावली. चिंच म्हणजे काय ते त्याला कळेना. मी म्हटलं, तुमच्या ब्राऊन सॉसमध्ये जे आंबट असतं ना, ते. तर तो हसायलाच लागला. "सॉस? मॅटीच्या रायफलला सॉस लावून घासलं?" हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं. तुम्हाला एक शिवी दिली नाही त्यानं. डाग गेला त्याचं मात्र लागलं. थोडा वेळ नुसता अंगठा फिरवत बसला होता. मग म्हणाला, "तिच्या वडिलांनी तिला चमकवली, तर हे काळं कुणी केलं?"

"मी," हर्ष म्हणाला.

यूजीननं रायफल टेबलावर ठेवली. "सांगलीतला तो माणूस, त्यानं तिची पूजा केली. चुकलं त्याचं, पण पूजा केली. तू काय केलंस? मॅटीचा हात गेला हे मी सोसलं असतं. तू भलताच रंग मॅटीचा म्हणून माझ्या हातात दिलास. ह्यात माणूस नाहीये, हर्ष. सगळीकडे सारखा आहे. कोपऱ्यातसुद्धा."

हर्ष म्हणाला, "तुला दुःख होईल म्हणून."

"सासऱ्यावर ओरडला का नाहीस?"

"आमच्यात सासऱ्यावर ओरडत नाहीत."

"म्हणजे त्याच्यावर ओरडता येत नाही म्हणून माझ्याशी खोटं बोललास."

त्यावर हर्षकडे उत्तर नव्हतं. आम्ही केक कापला, कारण आणला होता. अक्षयानं गाणं म्हटलं. निघताना रायफल टेबलावरच राहिली आणि यूजीननं ती न्या असं म्हटलं नाही. गाडीत हर्ष एक अक्षर बोलला नाही.

तो मला काही म्हणाला नाहीये, पण मी बोलले ते त्याला आवडलेलं नाही. मला वाईट वाटतंय, पण मी पुन्हा असंच केलं असतं.

संध्या


ड्रोहेडा
२१ नोव्हेंबर

बाबा,

मला तुमचा राग आला होता. अजून आहे.

खंडेनवमीच्या दिवशी मला एक फोन करायचा होता! दुसऱ्याची वस्तू, कुलपात ठेवलेली, कापडात गुंडाळलेली. ती मी आळस म्हणून काळी ठेवली असेल असं तुम्हाला वाटलंच कसं? तुम्ही स्वतः टूलरूममध्ये होता. तुमच्या गेजला कुणी पॉलिश मारलं असतं तर तुम्ही त्याला उभा चिरला असता. आणि तो डाग! अर्ध्या मिनिटात न निघणारी गोष्ट निघू नये म्हणूनच तिथे असेल, हा विचार दुपारभर घासताना एकदाही मनात आला नाही? तुमच्या दुसऱ्या पत्रात "महाखट" वाचलं तेव्हा टॅब भिंतीवर फेकावासा वाटला. मी गॅरेजमध्ये जाऊन रडलो. आणि मग तुम्हाला काहीच उत्तर दिलं नाही, कारण जावयानं असं लिहायचं नसतं.

लिहिलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्यावरचा राग गिळला आणि तो जिरवायला डबा आणि अमोनिया घेऊन बसलो. यूजीन बोलला ते खरं आहे. संध्यावरही चिडलो होतो, आता नाही.

काल यूजीनकडे गेलो. रायफलचा विषय काढला नाही, काढायला तोंड नव्हतं. म्हटलं, शेड आवरायला मदत करतो. त्यानं दारातच माझ्या हातात झाडू दिला. तीन तास झाडलं. तो एक शब्द बोलला नाही. निघताना म्हणाला, "शनिवारी ये."

हर्ष


सांगली
२५ नोव्हेंबर

हर्ष,

तुझं पत्र तीनदा वाचलं. हिला मोठ्यानं वाचून दाखवलं, उभं चिरायचा भाग पुन्हा एकदा वाचला. ही म्हणाली, "जावई असं बोलतात होय तुम्हाला?" मी म्हटलं, "बोलतो! अगदी बरोबर बोलतो." इतक्या वर्षांत तू मला पहिल्यांदा पत्र लिहिलंस असं वाटलं. आधीची आली होती ती पोस्टानं आलेल्या अहवालासारखी होती.

गेजचं तू म्हणालास ते मला झोंबलं, कारण खरं आहे. पितळ म्हटलं की मला देवघरच आठवतं, चकाकलंच पाहिजे. काळ्या पितळात कुणाचं काही असू शकतं हे मला या वयात कळलं. चूक माझी, पूर्ण माझी. पुन्हा तिकडे आलो की तुझ्या घरातल्या चमच्यालासुद्धा विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

रायफल गेली असं समज आणि तरी शनिवारी जा. मी आता तुला अहो-जाहो करणार नाही. ही नाराज आहे त्यावर, पण तिचं मी बघून घेईन.

बाबा


ड्रोहेडा
११ जानेवारी २०२६

बाबा,

यूजीन मंगळवारी नर्सिंग होममध्ये गेला. ड्रोहेडातच, हॉस्पिटलच्या जवळ, आम्हाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर. तब्येत बरी आहे, जेवणाला नावं ठेवतो.

डिसेंबरभर हर्ष दर शनिवारी त्याच्याकडे होता. लायसन्सच्या रायफली डीलर येऊन घेऊन गेला. त्या दिवशी यूजीन अंगणात आलाच नाही, हर्षनंच एकेक नेऊन दिली. शेडमधलं सामान बांधून झालं. यूजीनचे स्क्रू ड्रायव्हर तुम्ही बघायला हवे होते. प्रत्येक स्क्रूच्या खाचेला बरोबर बसेल असं एकेकाचं टोक घासलेलं, म्हणजे जुन्या स्क्रूला ओरखडा पडू नये. ते सगळे त्यानं हर्षला दिले आणि कुठला कशाला हे समजावत दोन शनिवार घालवले. हर्षचा चेहरा बघून मला वाटलं, झालं, मिटलं, रायफल नाही तर नाही.

ख्रिसमसच्या आधी मधेच एकदा फोन आला, "तो सॉस घेऊन या." मी चिंच घेऊन गेले. त्याच्या सिंकवर हर्षनं स्वतःच्या हातानं तो अमोनियाचा खोटा रंग पूर्ण उतरवला. यूजीन खुर्ची ओढून शेजारी बसला होता, कोपरा राहिला की काठीनं दाखवायचा. पुन्हा पिवळीधमक झाली. मॅटीनं आणली तेव्हा कशी होती कुणास ठाऊक, यूजीनलाही माहीत नाही.

मग त्यानं हात पुसला, ती उचलली आणि माझ्यापुढे धरली. माझ्यापुढे, बाबा! "ही तुझी," म्हणाला.

मी म्हटलं, "मला बंदुका आवडत नाहीत. घरात आहे म्हणून मला झोप येत नव्हती."

"ग्रँड," म्हणाला. "जो फार आसुसला होता त्याच्याकडे देऊन पाहिलं मी. तू किल्ली दिलीस आणि विचारल्यावर लगेच सांगितलंस. माझ्यानंतर कुणी विचारलं की हिचा डाग कुठे गेला, तर तू खरं सांगशील." आणि हर्षकडे वळून म्हणाला, "तुटलं तर तू दुरुस्त कर. तिला विचारून."

हर्ष उठून बाहेर गेला. मला धडकी भरली. थोड्या वेळानं परत आला, डोळे लाल होते, यूजीनचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "योग्य केलंस." मला माहीत आहे, त्याला ते म्हणायला किती जड गेलं. घरी आल्यावर त्यानंच गार्डा स्टेशनात जाऊन कागदावर माझं नाव घालून आणलं.

आता ती आमच्याकडे आहे. आजवर मी तिला कधी उचललं नव्हतं. तुम्ही पूजा केली त्या दिवशीही नुसता फोटो काढला होता. आज दुपारी कपाट उघडलं आणि एका हातानं उचलून खिडकीकडे न्यायला लागले. ती लांब आहे आणि जड आहे. टोकाला धरलं तर पुढे कलंडते, मागे धरलं तर नळी वर जाते. हात सरकवत सरकवत एका जागी आला आणि तिथे ती मुकाट उभी राहिली, अजिबात न कलता. बघितलं तर खालची बाजू, कडीच्या थोडं पुढे.

मी हर्षला हाक मारली. काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, ही जरा तिकडे नेऊन ठेव. त्यानं उचलली. त्याचाही हात तिथेच गेला.

संध्या